जागलीचा सोलर रेडिओ: आवाज दणदणीत, डोकं मठ्ठ

दारव्ह्याच्या बाजारातून साडेनऊशे रुपयांना घेतला. हरभऱ्यावर डुकरं आणि रोही येतात, म्हणून थंडीभर वावरात मचाणावर जागल असते. माणसाचा आवाज चालू असला की जनावर बिचकतं, एवढाच हिशोब. टॉर्च, एफएम, मेमरी कार्ड, मोबाइल चार्जिंग, सगळं एकाच डब्यात. कंपनीचं नाव लिहीत नाही. स्टिकर तसाही पहिल्याच दवात धुऊन गेला.

चांगलं आधी. आवाज चार वावरं पलीकडे जातो. दिवसभर ऊन मिळालं तर रात्री दोनपर्यंत टिकतो, धुकं असलं की अकरालाच मान टाकतो. मचाणावरून दोनदा पडला, फुटला नाही. एफएम आमच्याकडे धरतच नाही, त्याचे पैसे गेले समजा.

राहिलं कार्ड. भाचा अमरावतीत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, स्वतःच्या नोट्स स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड करून ऐकतो. त्याचं जुनं कार्ड मागून आणलं, तर त्यात आयर्लंडच्या एकवीस फाइली निघाल्या, मागे कुकरच्या शिट्ट्यांसकट.

आता खोट. बंद करून चालू केला की हा पठ्ठ्या पहिल्या फाइलीपासून सुरू होतो. काल कुठं थांबलो ते याला आठवत नाही. म्हणजे रोज रात्री 1916, ईस्टरचा सोमवार, इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्यांनी ताब्यात घेतलेलं डब्लिनचं पोस्ट ऑफिस. मग 1921 चा करार: उत्तरेचे सहा परगणे इंग्रजांकडे राहणार, आणि बाकीच्या आयर्लंडच्या आमदारांनीही राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची. त्यांच्या सभागृहात मतदान झालं, 64 विरुद्ध 57. सात मतांचा फरक, आणि कालपर्यंत एका ताटात जेवणारे एकमेकांवर बंदुका रोखून उभे. करारावर सही करणारा मायकेल कॉलिन्स 1922 च्या ऑगस्टमध्ये त्याच्याच कॉर्क परगण्यात, जुन्या साथीदारांच्याच गोळीनं गेला. विरोधातला डी व्हॅलेरा 1926 ला नवा पक्ष काढतो आणि पुढच्या वर्षी त्याच सभागृहात जाऊन बसतो. इथं मला झोप लागायची. मग बॅटरी संपायची. शांतता राहायची कार्डातच.

‘पुढचं’ हे बटण दाबलं तर कधी एक फाइल उडते, कधी तीन. असंच एकदा थेट 1969 मध्ये पडलो. उत्तरेतल्या बेलफास्टच्या कॅथलिक वस्त्या जळाल्या तेव्हा आपली सेना कुठं होती, आणि पार्लमेंटात बसायचं की नाही, यावरून इंग्रजांशी लढणारी गुप्त सेना, आयआरए, दुभंगली, ऑफिशियल आणि प्रोव्हिजनल. शहिदांच्या आठवणीत ते ईस्टरला छातीवर कागदी लिली लावतात. एका गटानं फुलामागं गोंद लावला, दुसऱ्यानं टाचणीच ठेवली. गोंदवाल्यांचं नाव पडलं ‘स्टिकी’. मचाणावर एकटाच हसलो. आमच्या गावात एका गणपतीचे दोन झाले तेव्हा वर्गणीच्या पावतीचा रंगसुद्धा वेगळा ठेवला होता.

पुढं 1974, 1986, 1997, फुटीला फुटवे. प्रत्येक वेळी निघून जाणारा म्हणतो, खरा वारस मीच.

गाडीची बॅटरी जोडून रेडिओ रात्रभर चालू ठेवला, तेव्हा कुठं अकराव्या रात्री 10 एप्रिल 1998 चा गुड फ्रायडे करार लागला, उत्तरेतली मारामारी मिटवणारा. जनमतात उत्तरेत 71 टक्के हो, दक्षिणेत 94. वाटलं, झालं. चारच महिन्यांनी, युद्धबंदी न पटलेल्या फुटीर गटानं ओमा गावात बॉम्ब फोडला, 29 माणसं गेली. त्या रात्री मीच बंद केला.

प्रोव्हिजनलवाल्यांच्या बंदुका 2005 ला गेल्या. शत्रूच्या हवाली नाही केल्या. परदेशी अधिकाऱ्यांच्या आयोगासमोर कामातून काढल्या, साक्षीला दोन धर्मगुरू: एक कॅथलिक, एक मेथडिस्ट. समोरच्या बाजूचे लोक फोटो मागत होते, ते मात्र दिले नाहीत. या फाइलीच्या मधातच बॅटरी गेली.

सकाळी धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावर, थोरला चुलतभाऊ उभा. नांगराच्या दोन तासांएवढ्या धुऱ्यावरून चार वर्षं आमचं बोलणं नाही, मोजणी दोनदा झाली. आवाज त्याच्या मचाणापर्यंत जातो हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

‘‘काल मधातच बंद काऊन पडला? ते दोघं पाद्री काय पाहून आले, समजलंच नाई.’’

बाकीचं मलाही दुसऱ्या रात्री कळलं. मग मीच धुऱ्यावर जाऊन सांगितलं, ‘‘समोर उभं राहून पाह्यलं, बंदुका कामातून गेल्या म्हणून सांगतलं. फोटो कोणालेच काढू देल्ला नाई.’’

‘‘फोटो नाई देल्ला ते बरं केलं,’’ म्हणाला आणि बैल घेऊन गेला.

दुकानदाराकडं तक्रार नेली तर म्हणतो, ‘‘भाऊ, बंदच करू नका ना.’’ वॉरंटी सहा महिन्यांची, पण ती फक्त पॅनेलची. पाचपैकी तीन. जागलीसाठी घ्या, पोथी किंवा कीर्तन क्रमानं ऐकायचं असेल तर घेऊ नका.

हरभरा निघाला. धुरा आहे तिथंच आहे. कार्ड चुलतभावानं पोराला पाठवून मागून नेलं, अजून परत आलं नाही.