३९० चा शब्द : फोर्ड एसव्हीटी मस्टँग कोब्रा (२००३), एका मालकाचा अभिप्राय

या गाडीचे बॉनेट उघडले की कॅमकव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावर, बसवलेली एक छोटी पट्टी दिसते आणि तिच्यावर दोन माणसांच्या सह्या असतात. मिशिगनमधील रोमिओ येथे फोर्डचा जो इंजिन कारखाना होता, त्याच्या एका वेगळ्या विभागात कोब्राचे प्रत्येक इंजिन दोन कामगारांची एकच जोडी पहिल्या बोल्टपासून शेवटच्या बोल्टपर्यंत जुळवीत असे आणि काम संपले की दोघांची नावे इंजिनावर लागत. आपल्याकडे लग्नाच्या भांड्यांवर नाव घालतात तसेच काहीसे. माझ्या गाडीवरची एक सही अगदी वळणदार आहे, दुसरी मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखी अवाचनीय आहे. डेट्रॉइटच्या पश्चिमेकडील एका उपनगरात राहणाऱ्या निवृत्त गृहस्थांकडून मी ही गाडी २०१९ च्या वसंतात विकत घेतली, तेव्हा त्यांनी किल्ली हातात देण्याआधी मला ही पट्टी दाखवली होती.

गेल्या काही वर्षांच्या वापरानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. परंतु २००३ च्या कोब्राविषयी नीट बोलायचे तर ती ज्या विभागाने बनवली त्या एसव्हीटीचा, म्हणजे फोर्डच्या ‘स्पेशल व्हेइकल टीम’चा, इतिहास बाजूला ठेवता येत नाही, कारण या गाडीतील बहुतेक गुण आणि काही दोषसुद्धा त्या विभागाच्या आधीच्या एका फजितीतून जन्मलेले आहेत.

एसव्हीटीच्या आधी फोर्डकडे एसव्हीओ (स्पेशल व्हेइकल ऑपरेशन्स) नावाचा विभाग होता. १९८१ मध्ये मायकेल क्रानेफुस यांच्या नेतृत्वाखाली तो सुरू झाला आणि त्याची नाव घेण्याजोगी रस्त्यावरची गाडी म्हणजे १९८४ ते १९८६ या काळातील मस्टँग एसव्हीओ. तिच्यात व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचे इंजिन नव्हे, तर २.३ लिटरचे चार सिलिंडरचे टर्बो इंजिन होते आणि डॅशबोर्डवर एक बटण होते, ज्याने चालकाने टाकीत साधे पेट्रोल भरले आहे की प्रीमियम, हे इंजिनाला सांगायचे. कल्पना हुशार होती; पण मस्टँगचा ग्राहक व्ही-८ चा आवाज ऐकायला आलेला असतो, बटणे दाबायला नाही.

१९९१ मध्ये उभ्या राहिलेल्या एसव्हीटीने हा धडा घेतलेला दिसतो. शिकागोच्या १९९२ च्या वाहन प्रदर्शनात तिने दोन गाड्या मांडल्या : ५.० लिटर व्ही-८ ची २३५ अश्वशक्तीची मस्टँग कोब्रा आणि ५.८ लिटरची २४० अश्वशक्तीची एफ-१५० लाइटनिंग ही पिकअप. दोन्ही १९९३ च्या मॉडेल म्हणून विक्रीला आल्या. पद्धत सरळ होती. माणसे मोजकी, गाड्या मोजक्या, विक्री फक्त निवडक डीलरांकडे, आणि कारखान्याच्या नेहमीच्या गाडीत काय बदलले हे ग्राहकाला हाताने दाखवता यावे. १९९५ ची कोब्रा आर तर केवळ २५० नग बनली आणि शर्यतीचा परवाना असल्याशिवाय ती मिळत नसे.

मला स्वतःला या विभागाची सर्वांत लोभस गाडी कोब्रा नव्हे, तर १९९८ ची एसव्हीटी कंटूर वाटते. दिसायला ती चारचौघांसारखी कौटुंबिक सेडान. पण तिच्या २.५ लिटर व्ही-६ इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधून, अपघर्षक कण मिसळलेली दाट लगदी दाबाने ढकलून आतील ओतीव पृष्ठभाग गुळगुळीत केला जाई, म्हणजे हवेला अडथळा कमी. बाहेरून कोणाला काहीही दिसणार नाही अशा जागी केलेली ही मेहनत होती आणि त्या बळावर ते इंजिन १९५ अश्वशक्ती देत असे. ही लगदी लक्षात ठेवावी, कारण लवकरच तिची पुन्हा गरज पडली.

१९९९ ची कोब्रा कागदावर उत्तम होती. मस्टँगला पहिल्यांदाच मागच्या बाजूला स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले होते आणि ४.६ लिटरच्या ३२ व्हॉल्व्हच्या इंजिनाची शक्ती ३२० अश्वशक्ती असल्याचे कंपनीने जाहीर केले होते. मालकांनी गाड्या डायनोवर, म्हणजे चाकांवर शक्ती मोजणाऱ्या रोलरांवर चढवल्या आणि आकडे जुळेनात. ३०५ अश्वशक्तीच्या आधीच्या कोब्रापेक्षा ही नवी गाडी पुढे जाईना. ऑगस्ट १९९९ मध्ये फोर्डने विक्री थांबवली, विकलेल्या गाड्या परत बोलावल्या आणि इनटेक मॅनिफोल्ड, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागची एक्झॉस्ट व्यवस्था आणि इंजिनाचा संगणकीय कार्यक्रम बदलून दिला. मॅनिफोल्ड गुळगुळीत करायला पुन्हा तीच लगदी. २००० या मॉडेल वर्षासाठी नेहमीची कोब्रा निघालीच नाही. निघाली ती फक्त ३०० नगांची कोब्रा आर, ५.४ लिटरची, ३८५ अश्वशक्तीची, जिच्यात रेडिओ नाही, एसी नाही आणि मागचे आसनही नाही. २००१ मध्ये नेहमीची कोब्रा परतली आणि अमेरिकेच्या बाजारात २००२ चे वर्ष पुन्हा कोरडे गेले.

कंपनीने ३२० लिहिले आणि गाडीने ते दिले नाही, ही गोष्ट ज्या विभागाचे सारे भांडवल आकड्यांवरच्या विश्वासाचे होते त्याला किती लागली असेल, याचा अंदाज २००३ च्या कोब्राचे इंजिन पाहून येतो. एसव्हीटीच्या अभियांत्रिकीची धुरा तेव्हा जॉन कोलेट्टी यांच्याकडे होती आणि त्यांच्या चमूमध्ये या गाडीचे टोपणनाव होते ‘टर्मिनेटर’. त्यांनी आधीच्या कोब्राचा ॲल्युमिनियमचा ब्लॉक सोडून बिडाचा ब्लॉक घेतला. वजन वाढले, पण ताकद आली. कनेक्टिंग रॉड घडीव, पिस्टन घडीव, आणि दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मधल्या खोलगट जागेत ईटन कंपनीचा एम-११२ सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप, जो एका फेऱ्यात सुमारे १.८ लिटर हवा ढकलतो. दाबाने तापलेली ही हवा थंड करण्यासाठी त्याच्या खाली पाण्याचा इंटरकूलर, आणि त्या पाण्यासाठी पुढे वेगळा रेडिएटर व वेगळा पंप. कंपनीने आकडा दिला ३९० अश्वशक्ती. डायनोवर मात्र जशाच्या तशा गाड्या चाकांवरच ३६० च्या आसपास देऊ लागल्या, आणि गिअरबॉक्स व डिफरन्शियलमध्ये जाणारी शक्ती धरली तर इंजिनाचे खरे देणे ४०० च्या वर जाते हे गणित मालकांनी चटकन मांडले. चार वर्षांपूर्वी कमी भरलेले माप या वेळी शीग लावून दिले होते.

चालवताना हे कसे जाणवते? पहिल्या गिअरमध्ये क्लच जड लागतो, विशेषतः वाहतुकीत, आणि तासाभराच्या रखडपट्टीनंतर डावी पोटरी बोलू लागते. पण इंजिन दीड हजार फेऱ्यांनाही ओढते, त्यामुळे गिअर सतत बदलत बसावे लागत नाही. ॲक्सिलरेटर अर्ध्याहून पुढे दाबला की व्ही-८ च्या घुमण्यावर सुपरचार्जरची एक बारीक, चढती शीळ उमटते आणि बूस्टचा, म्हणजे भरलेल्या हवेच्या दाबाचा, काटा ८ पौंडांकडे सरकतो. टर्बोसारखे थांबून मग ढकलणे नाही. पायाखाली जेवढे मागाल तेवढे लगेच. ट्रेमेक टी-५६ या गिअरबॉक्सचे पाचवे व सहावे हे दोन्ही गिअर ओव्हरड्राइव्ह आहेत, म्हणजे त्यांत गिअरबॉक्समधून निघणारा दंड इंजिनापेक्षा वेगाने फिरतो, त्यामुळे ताशी १०० किलोमीटरला इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या खाली शांत बसते आणि लांबच्या प्रवासात ही गाडी अनपेक्षितपणे सोशीक निघते. माझ्या हातून ती लिटरला सात ते आठ किलोमीटर देते, अर्थात प्रीमियम पेट्रोलवर.

मागच्या स्वतंत्र सस्पेन्शनबद्दल मत संमिश्र आहे. मुळात हा सांगाडा मागची दोन्ही चाके जोडणाऱ्या अखंड ॲक्सलसाठी आखलेला. त्याच बोल्टांच्या जागी बसेल अशी संपूर्ण जुळणी एका उपचौकटीवर तयार करून एसव्हीटीने ती खालून चढवली. खडबडीत वळणावर याचा फायदा स्पष्ट कळतो, कारण एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसरे विचलित होत नाही. उलट जागेवरून जोरात सुटताना रबरी बुशांमुळे मागची चाके थडथड उडू लागतात आणि सरळ शर्यतीच्या शौकिनांनी याच कारणासाठी कित्येक गाड्यांमधून ही जुळणी काढून जुना ॲक्सल बसवला. मला ते पटत नाही. ज्याला फक्त सरळ जायचे आहे त्याच्यासाठी इतर मस्टँग पुष्कळ आहेत.

आतल्या बाजूने मात्र ही गाडी महाग वाटत नाही, आणि नवी असताना तिची किंमत ३३ हजार डॉलरच्या पुढे होती हे लक्षात घेता ही तक्रार रास्त आहे. डॅशबोर्डची रचना १९९४ ची, प्लॅस्टिक कडक, आसन गरजेपेक्षा उंच, आणि या सगळ्याच्या खालचा पाया फॉक्स नावाचा, जो १९७८ च्या फोर्ड फेअरमाँट या अगदी साध्या सेडानपासून चालत आलेला. पैसा कुठे गेला हे कळायला बॉनेटच उघडावे लागते. आसनांना दोन्ही कुशींशी चांगला आधार आहे एवढे श्रेय मात्र द्यायला हवे. २००४ च्या काही गाड्यांना मिस्टिक्रोम नावाचा रंग होता, जो उन्हाच्या कोनानुसार हिरवा, निळा आणि जांभळा दिसतो. अशा गाड्या १,०१० बनल्या. दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड मार्गावर जुन्या गाड्यांची जी जत्रा भरते तिथे अशी गाडी दिसली की लोक तिच्याभोवती प्रदक्षिणा घालतात. फोटोत तो रंग कधीच खरा उतरत नाही.

खरेदीचा विचार असणाऱ्यांसाठी काही अनुभवाच्या गोष्टी. २००३ मध्ये १३,४७६ आणि २००४ मध्ये ५,६६४ कोब्रा बनल्या, म्हणजे गाडी दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ती न छेडलेली गाडी. घडीव अवयवांमुळे इंजिन बरेच जास्त सोसू शकते हे कळताच सुपरचार्जरवर लहान पुली बसवून तो अधिक वेगाने फिरवण्याची टूम निघाली. त्यामुळे प्रथम पुली पाहावी, मग चासी क्रमांकातील आठवे अक्षर वाय आहे का ते पाहावे, कारण साध्या मस्टँगला कोब्राचे बंपर लावून विकणारेही भेटतात. मिशिगनसारख्या राज्यात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा मागच्या उपचौकटीचा तळ आणि ब्रेकच्या नळ्या टॉर्च लावून तपासाव्यात. माझी गाडी नोव्हेंबर ते एप्रिल गॅरेजबाहेर पडत नाही. आणि इंटरकूलरचे पाणी बदलायचे असेल तर ही व्यवस्था माहीत असलेल्या माणसाकडेच जावे : मी एकदा जवळच्या एका गॅरेजमध्ये ते काम दिले, त्यांनी पाणी भरताना नळीत हवा राहू दिली, पंप कोरडा फिरला, आणि नवा पंप व वाया गेलेला शनिवार दोन्ही माझ्या खात्यावर पडले.

१० मे २००४ रोजी डिअरबॉर्नच्या कारखान्यातून मस्टँगचे उत्पादन संपले आणि कोब्राही तिथेच थांबली. त्यानंतर एसव्हीटीचे नाव टिकले, पण कोब्राच्या काळातली मोजक्या गाड्यांची, घरगुती स्वरूपाची पद्धत पूर्वीसारखी राहिली नाही. ५५० अश्वशक्तीची फोर्ड जीटी आली. २००७ ची ५०० अश्वशक्तीची शेल्बी जीटी-५०० आली आणि तिच्या मागे पुन्हा अखंड ॲक्सल होता. २०१० ची रॅप्टर पिकअप हे या विभागाचे बहुधा सर्वांत यशस्वी अपत्य ठरले, कारण वाळवंटातून भरधाव जाणारी गाडी थेट कारखान्यातून मिळावी ही मागणी तोवर कोणी पुरवली नव्हती. २०१३ मध्ये जीटी-५०० तब्बल ६६२ अश्वशक्तीवर पोहोचली, आणि २०१४ च्या अखेरीस फोर्डने एसव्हीटी, युरोपातील टीम आरएस आणि फोर्ड रेसिंग एकत्र करून ‘फोर्ड परफॉर्मन्स’ असे एकच नाव दिले. भारतात मस्टँग अधिकृतपणे दाखल झाली २०१६ मध्ये, ६५ लाख रुपयांना, फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह. त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या माझ्या मित्रांना मस्टँग माहीत आहे; एसव्हीटी हे नाव सांगितले की मात्र मला प्रत्येक वेळी सुरुवातीपासून सांगावे लागते.

रोजच्या वापराला, दोन लहान मुले असलेल्या घराला किंवा आतल्या सुबकतेला महत्त्व देणाऱ्याला मी ही गाडी सुचवणार नाही. क्लच दाबायची हौस असलेल्या, स्वतः बॉनेट उघडणाऱ्या आणि दुसरी गाडी दारात असलेल्या माणसाला निःशंक सुचवीन. त्या निवृत्त गृहस्थांनी गाडीबरोबर एक पुठ्ठ्याचे खोकेही दिले होते, ज्यात लहान व्यासाची एक पुली, तिचा पट्टा आणि एक हस्तलिखित टिपण आहे. ती बसवायला दुपारभराचे काम आहे आणि शक्ती बरीच वाढेल हेही मला ठाऊक आहे. खोके गॅरेजच्या फळीवर आहे. मूळ पुली गाडीवर आहे.