मालिका की पुस्तक?

आठ वाजले की अंबाजोगाईच्या आमच्या घरात टीव्ही लागायचा. एकामागून एक तीन मालिका. गेल्या उन्हाळ्यात पंधरा दिवस लग्नसराईत गेले, परत येऊन बघतो तर नायिका त्याच दारात, तेच ताट घेऊन उभी! तासाला 12 मिनिटांपर्यंत जाहिराती चालतात, म्हणजे अर्ध्या तासातली सहा तिकडेच. उरलेल्यात प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा. माझं मन उडालं.

पुस्तकाची सवय मोडली होती, हेही खरं. पहिले आठ दिवस दोन पानांत डोळे मिटायचे. वाचनालयातून आणलेल्या कादंबरीवर शेवटचा शिक्का 2011 चा. समासात कुणीतरी शिसपेन्सिलीनं लिहिलेलं, ‘हे खोटं आहे.’ त्या माणसाशी मी आठवडाभर मनातल्या मनात भांडलो. मालिकेनं असं कधी भांडू दिलं नाही. (संतकवी दासोपंतांनी याच गावात सुमारे 40 फुटी पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर, लिहिलं, आपल्याला दोनशे पानं जड व्हावीत?) शिवाय लाईट गेली की मालिका बुडते, पुस्तक ओसरीवर नेता येतं.

सोबतीत मात्र मालिकाच सरस. आई भाजी निवडत बघते, खलनायिकेला शिव्या घालते. म्हणून साडेआठची एक मालिका मी ठेवलीय.

परवा जाहिराती लागल्या तशी ती म्हणाली, “काय झालं रं त्या तुझ्या पुस्तकातल्या बाईचं?”