पेनपॉट आणि व्हीएस कोड: वर्षभराच्या वापरानंतर

गेलं वर्षभर मी वेबसाइटचं डिझाइन पेनपॉट या डिझाइनच्या साधनात आणि कोड व्हीएस कोड या एडिटरमध्ये करते आहे. बहुतेक कामं मराठी: वाचनालयं, शाळा, छोटे प्रकाशक.

पेनपॉट मुक्त स्रोत आहे, स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येतो. पण मला तो आवडला तो लेआउटमुळे, म्हणजे पानावरच्या मांडणीच्या सोयींमुळे. त्याचा फ्लेक्स (घटक एका ओळीत किंवा रांगेत मांडणं) सीएसएसच्याच, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्याच, नियमांनी चालतो, आणि २०२४ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून ग्रिडही (आडव्या-उभ्या रकान्यांची मांडणी). बोर्डवर, म्हणजे डिझाइनच्या पानावर, घटकांमध्ये २४ पिक्सेलचा गॅप दिला की मापं दाखवणाऱ्या इन्स्पेक्ट भागात तोच दिसतो आणि सरळ स्टाइलशीटमध्ये (सीएसएसच्या फाइलमध्ये) जातो. रंगांना मी दोन्हीकडे एकच नाव देते. ग्राहकाने ऐनवेळी रंग बदलायला सांगितला तरी कोडमध्ये एकच ओळ बदलावी लागते.

इन्स्पेक्टमधून मापं, रंग, अंतरं जरूर घ्या. एचटीएमएल, म्हणजे पानाची रचना सांगणारा कोड, मात्र हातानेच लिहा. चित्रातली मोठी ओळ पानाचं शीर्षक आहे की नुसता ठळक मजकूर, हे चित्रावरून ठरत नाही. शीर्षकं नीट लिहिली नाहीत, तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं साधन) वापरणाऱ्या वाचकाला पुस्तकांच्या लांबलचक पानावर एका विभागातून दुसऱ्यात उडी मारता येत नाही.

मराठीसाठी तर ब्राउझर सतत उघडा हवाच. मी व्हीएस कोडमध्ये लाइव्ह सर्व्हर हे एक्स्टेन्शन लावून ठेवते, फाइल सेव्ह केली की पान लगेच ताजं होतं. इंग्रजी नमुन्यातून आलेली १.२ ची लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) देवनागरीला पुरत नाही: वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. मजकुराला मी १.६ ते १.७ ठेवते. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्यच ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. पानाची भाषा कोडमध्ये मराठी नोंदवली, तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात. हे काम पेनपॉटच्या कॅनव्हासवर होत नाही, आणि माझ्या मते मराठी साइटचा कस इथेच लागतो. म्हणून डिझाइनमध्येही पहिल्या दिवसापासून खरा मजकूर भरा, ‘ज्ञानेश्वरी’, ‘कर्तृत्व’ असे शब्द असलेला. फॉन्ट म्हणाल तर ‘मुक्ता’ दोन्हीकडे सहज मिळतो, आणि बारीक आकारातही जोडाक्षरं स्पष्ट वाचता येतात.

एका पानाचीच साइट असेल तर एवढा पसारा नको, थेट कोडमध्ये लिहा. पाच-सहा प्रकारची पानं आणि मंजुरी देणारी समिती असेल, तर आधी पेनपॉटची लिंक पाठवा. समितीचे लोक त्यावरच शेरे लिहितात, आणि कोडला हात लावण्याआधी बरेचसे वाद मिटतात.