हापूसला कल्टार घातलं, दहा महिन्यांनी लिहितोय

देवगड तालुक्यात आमची हापूसची जुनी कलमं आहेत, त्यातली बारा कलमं एक वर्ष सोडून धरणारी. एका वर्षी फांद्या वाकतात, पुढच्या वर्षी नुसती पालवी. मागच्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्या बाराही कलमांना कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल घातलं, आता आंबा उतरवून झालाय.

आधी एक सांगतो, हे खत नाही आणि टॉनिक तर अजिबात नाही. झाडात जिब्रेलिन नावाचं संजीवक तयार होतं, त्याने पालवी फुटते, काडी लांबते, आणि ते जोरात असलं की हापूस मोहोराकडे वळतच नाही. कल्टार ते जिब्रेलिन तयार होणंच अडवतं, मग पालवी थांबते, काडी जून होते आणि थंडी पडली की पानांतून निघालेला फुलायचा निरोप शेंड्याच्या डोळ्याला लागू पडतो.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे झाडाच्या विस्ताराच्या, म्हणजे फांद्यांच्या घेराच्या, व्यासाला दर मीटरला ३ मिली. टेपने पूर्व-पश्चिम, दक्षिण-उत्तर मोजून सरासरी ८ मीटर आली तर २४ मिली, चार लिटर पाण्यात. पाऊस उघडलेला दिवस बघून आधी तण काढलं, मग खोड आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध गोल धरून पहारीने पंचवीस-तीस भोकं पाडली, थोडं थोडं ओतून माती लोटली.

नोव्हेंबरच्या मध्यावर नऊ कलमं मोहोरली, शेजारच्या न घातलेल्यांना नाताळ उजाडला. मार्चअखेर पहिल्या पेट्या वाशीला गेल्या, दर बरा मिळाला.

पण मोजमाप सोडू नका. आमची वरची बाग ज्याला करायला दिली होती त्याने तीन वर्षं न मोजता बाटल्या ओतल्या. तिथली काडी हातात घेतली तर पेरं दिसतच नाहीत, पानं कोबीसारखी एकावर एक, मोहोर आखूड आणि इतका गच्च की फवारा आत पोचत नाही, तुडतुडे आतच बसतात. बघितलं की पोटात तुटतं हो.

जानेवारीच्या थंडीत पुन्हा मोहोर येऊन आधीची बारीक कैरी गळायची, त्यासाठी पहिला मोहोर फुलल्यावर चार कलमांवर जिब्रेलिक अॅसिड मारलं, ५० पीपीएम, म्हणजे २० लिटर पाण्याला १ ग्रॅम. जे ऑगस्टमध्ये अडवलं तेच इथे बाहेरून दिलं! त्या चारांवर पुनर्मोहोर खूपच कमी आला, कैरी टिकली.

शेणखत दरवर्षीपेक्षा जास्त घातलंय कारण एवढा आंबा दिल्यावर झाड खचतं. दोन कलमांची पानं अजून निस्तेज आहेत, त्यांना यंदा कल्टार नाही.