गुडघे माझे, अपील दुसऱ्याच्या कानाचं

मी १९९१ ला फौजेत भरती झालो आणि २०१५ ला हवालदार म्हणून घरी आलो. गाव केज तालुक्यात. येताना कंबर आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. घरी सोडण्याआधी तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डानं दोन्ही मिळून ३० टक्के अपंगत्व लिहिलं, पण खाली एक ओळ ठेवली: आजार सेवेमुळं झालेला नाही, सेवेमुळं वाढलेलाही नाही. तेवढ्या ओळीवर अपंगत्व पेन्शन नामंजूर. सहा महिन्यांत अपील करा, असं पत्रात होतं. ते मी ट्रंकेत टाकलं. इंग्रजी पत्र, कोण वाचत बसतं.

२०१९ ला फौजी कॅन्टीनच्या रांगेत एकजण भेटला. इस्त्रीचे कपडे, चालण्यात फौजी ढब, सगळे त्याला 'साहेब' म्हणायचे. माझं लंगडणं बघून स्वतःच जवळ आला. "कामून गप बसलाव हवालदारसाहेब? तुमचा हक्काचा पैसा हाय. २०१५ पासूनचा सगळा एरियर काढून देतो." एरियरमधले, म्हणजे थकलेल्या पेन्शनमधले, वीस टक्के त्याचे, आणि खर्चाला आधी पस्तीस हजार. संभाजीनगरला स्टेशनकडं त्याचं ऑफिस होतं, भिंतीवर तिरंगा, टेबलावर फायलींचा ढीग. त्या ढिगानंच मी गार झालो.

मी काय काय दिलं ते नीट वाचा. ओरिजिनल डिस्चार्ज बुक, म्हणजे माझ्या सेवेच्या नोंदीचं पुस्तक. मेडिकल बोर्डाचे कागद, तेही ओरिजिनल. चार कोऱ्या कागदांवर सह्या. दोन कोरे चेक. चोवीस वर्षं शिस्तीत काढलेला माणूस असं करतो, हे मला आज लिहितानाही लाजिरवाणं वाटतं. पुढं "वरच्या साहेबांना द्यावं लागतं" म्हणून अजून पंधरा हजार नेले. ते कापसाचे होते, बायकोला आजही त्याचा हिशोब पाठ आहे.

२०२१ ला थेट माझ्या पत्त्यावर उत्तर आलं. पुतण्यानं वाचून दाखवलं: तुम्ही म्हणता तो बहिरेपणा बोर्डाच्या कागदात कुठंच नाही, सबब अपील फेटाळलं. बहिरेपणा? फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला, जिथं आमची कागदपत्रं असतात, अर्ज करून अपिलाची प्रत मागवली. आर्मी नंबर माझा, सही माझी, आणि आत तोफांच्या आवाजानं दोन्ही कान गेल्याची कुण्या दुसऱ्याची कहाणी. नाव बदलून तोच कागद त्यानं किती जणांना चिकटवला असेल, देव जाणे. फोन लावला तर बंद. ऑफिसला कुलूप, घरमालकाचंही तीन महिन्यांचं भाडं बुडालेलं.

बँकेत जाऊन आधी दोन्ही चेक थांबवले. पोलिसांत अर्ज दिला, पण सही तुमचीच आहे म्हटल्यावर पुढचं बोलणंच खुंटतं. परभणीकडचे दोघं तिथंच भेटले, त्यांचीही तीच गत.

मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. आधीच जायला पाहिजे होतं. तिथल्या एका निवृत्त सुभेदारांनी अर्ध्या तासात जे सांगितलं, त्याचे मी पन्नास हजार मोजले होते. पहिलं अपील साध्या कागदावर स्वतः लिहून रेकॉर्ड ऑफिसला पाठवता येतं. ते फेटाळलं तर दुसरं अपील, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, म्हणजे फौजींच्या खटल्यांचं कोर्ट, आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ. भरतीच्या वेळी तुमच्या कागदात आजाराची नोंद नसेल तर तुम्ही धडधाकट होता असंच धरलं जातं, आणि आजार सेवेमुळं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर येते. सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल आहे. माझ्या भरतीच्या कागदात तर गुडघे, कंबर सगळं फिट! आमच्या साहेबानं तो कागद उघडूनही पाहिला नव्हता.

आणि २०१५ पासूनचा सगळा एरियर? २००८ च्या तरसेम सिंग निकालानंतर उशिरा गेलेल्याला साधारणपणे केस दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांचाच मिळतो. म्हणजे तो जितके दिवस मला झुलवत होता, तितके माझे मागचे महिने गळत होते. हे कळलं त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसरं अपील मी बोललो आणि पुतण्यानं टाईप केलं, दीड पान. राजौरीत सामान वाहताना घसरलो ते, हॉस्पिटलच्या तारखा, मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीची श्रेणी, खाली आली ते वर्ष. तेही फेटाळलं, पण निदान माझ्याच गुडघ्यांवर. आता केस मुंबईला आहे. वकिलाची फी ठरली, तिची पावती मिळते, आणि कागद सगळे झेरॉक्स दिलेत.

डिस्चार्ज बुक मात्र अजून त्या माणसाकडंच आहे. कॅन्टीनच्या रांगेत कुणी तुमच्या लंगडण्याची चौकशी करत जवळ आला, तर आधी त्याच्या हातातली फाईल बघा. तीत माझं बुक असू शकतं.