दोन टीबीच्या राउटरमध्ये निघालं नखाएवढं मेमरी कार्ड

बाबांच्या आवाजातल्या ४१ फाइली माझ्याकडे होत्या. शेवटची दोन वर्षं ते संध्याकाळी थोडं थोडं सांगत बसायचे. लहानपण, पहिली नोकरी, आजीचं आजारपण. मी समोर फोन ठेवून रेकॉर्ड करायचे. त्या फाइलींच्या काळजीपोटीच मी बॅकअपची सोय आतच असलेला वाय-फाय राउटर घेतला. आज त्यातल्या ३६ फाइली गेल्या आहेत, कायमच्या. नेमकं काय घडलं ते सविस्तर लिहिते, कारण मला फसवलं गेलं तो प्रकार साधा आहे आणि वेळेत ओळखताही येतो.

एकाच डब्यात राउटर आणि हार्ड डिस्क ही कल्पना काही खोटी नाही. ॲपलनं २००८ साली टाइम कॅप्सूल आणलं, ते नेमकं हेच होतं. घरातले संगणक तार न लावता आपोआप त्यावर बॅकअप घेत. २०१८ मध्ये कंपनीनं राउटरचा धंदाच बंद केला. त्यानंतर असा डबा शोधणाऱ्याला पर्याय थोडेच उरले. मीही शोधत होते आणि एका ऑनलाइन विक्रेत्याची जाहिरात समोर आली: आत २ टीबीची सर्व्हर दर्जाची हार्ड डिस्क, अजिबात आवाज नाही, रात्री आपोआप बॅकअप. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं. अभिप्राय मात्र भरभरून होते. सगळे जण ‘लगेच सुरू झाला’, ‘दिसायला छान’ एवढंच सांगत होते. सहा महिने वापरून, बॅकअप परत काढून पाहिलेला एकही माणूस त्यात नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

डबा आला, जोडला, चालू झाला. संगणकावर जागा दिसली १.८१ टीबी. कंपन्या २ टीबी म्हणजे दोन लाख कोटी बाइट धरतात आणि विंडोज १०२४ च्या हिशेबानं मोजतं, म्हणून खऱ्या डिस्कवरही एवढाच आकडा दिसतो, हे मला माहीत होतं. त्यामुळे माझा उलट विश्वासच बसला. पण तो आकडा संगणक मोजत नाही. आतली चिप जे सांगते तेच तो दाखवतो.

पहिली शंका यायला हवी होती ती दुसऱ्या दिवशी. बॅकअपचा फोल्डर उघडेना, म्हणून विक्रेत्याच्या मदतनिसाला विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन एसएमबी १ चालू करा, की झालं.” एसएमबी १ ही फाइली शेअर करण्याची फार जुनी पद्धत आहे. तिच्यातल्या त्रुटीतूनच मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून ती आपोआप चालू ठेवणं बंद होऊ लागलं. जो विक्रेता नव्या यंत्रासाठी ती पुन्हा चालू करायला सांगतो, त्याच्याकडून बॅकअपचं यंत्र घेऊ नये. मी मुकाट्यानं चालू केली.

बॅकअप पहिल्या रात्री पूर्ण झाला, साधारण १८० जीबीचा. सकाळी मी दोन-तीन फोटो उघडून पाहिले, व्यवस्थित उघडले. त्यानंतर आठ महिने रोज बॅकअप झाल्याची हिरवी खूण येत राहिली. मग एके दिवशी लॅपटॉपची एसएसडी, म्हणजे सगळ्या फाइली साठवणारा भाग, अचानक गेली. दुरुस्तीवाल्यानं हात टेकले. मी निर्धास्त होते. नवा लॅपटॉप घेतला, राउटरवरून सगळं उतरवून घेतलं. फोल्डर जागेवर होते, फाइलींची नावं, तारखा, आकार, सगळं बरोबर. बाबांची पहिली फाइल लागली. दुसरीही लागली. तिसरी लागली आणि बाराव्या मिनिटाला, आजीला घेऊन ते बैलगाडीतून निघाले असं सांगत असताना, वाक्याच्या मधेच आवाज थांबला. चौथी उघडलीच नाही. पाचवी नाही. फोटोंचे वरचे पट्टे दिसत आणि खाली नुसता करडा रंग, पुढचे तर तेवढेही नाहीत.

धाकट्या भावानं त्यातली एक फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतला प्रत्येक बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडली. २१ एमबीची फाइल, आणि पडद्यावर ओळीमागून ओळी ००, ००, ००. तो खाली खाली सरकवत गेला, शेवटपर्यंत तेच. “ताई, यात काहीच नाहीये गं,” एवढंच म्हणाला.

मग आम्ही डबा उघडला. स्क्रू रबरी पायांखाली दडवलेले होते. हार्ड डिस्क असायला हवी तिथे वजनासाठी चिकटवलेली लोखंडी पट्टी होती आणि तिच्याशेजारी, गरम गोंदाच्या ढिगात बसवलेलं एक मेमरी कार्ड. बोटाच्या नखाएवढं. त्याची खरी क्षमता ६४ जीबी निघाली.

हे चालतं कसं ते समजून घ्या. अशा कार्डातल्या कंट्रोलर चिपचं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या चिपचं, सॉफ्टवेअर बदलून तिला मोठा आकडा सांगायला लावतात. फाइलींच्या नावांची यादी बहुतेक वेळा डिस्कच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे खऱ्या जागेत लिहिली जाते. म्हणून यादी बरोबर दिसते. खरी जागा संपली की पुढचा मजकूर चिप घेतल्यासारखं करते आणि टाकून देते, नाहीतर जुन्यावरच लिहिते. चूक झाली असं ती कधीच कळवत नाही. मी पहिल्या सकाळी उघडलेले फोटो पहिल्या फोल्डरातले होते, म्हणून उघडले. डेटा परत मिळवून देणाऱ्यांकडेही गेले. त्यांनी कार्ड पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं, पुसलेलं परत काढता येतं, पण जे लिहिलंच गेलं नाही ते कुठून काढणार.

विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं की परत करण्याची मुदत १० दिवसांची होती आणि डेटाची जबाबदारी ग्राहकाची. आठवड्याभरात ते खातंच दिसेनासं झालं. त्याच फोटोसह, तोच डबा आता दुसऱ्या नावानं विकायला आहे. मी तक्रार केली आहे. पैसे मिळतील तेव्हा मिळतील, मला त्याचं फारसं वाटत नाही.

आता तुमच्यासाठी. आधी डबा हातात घ्या आणि कान लावा. ३.५ इंची खरी हार्ड डिस्क फिरते, चालू होताना बारीक घरघर करते, हाताला कंप जाणवतो. ‘हार्ड डिस्क आहे पण आवाज अजिबात नाही’ हे दोन्ही एकदम खरं नसतं. मी त्या शांततेला गुण समजले.

पण खरी परीक्षा एकच: सगळी जागा भरून पाहायची आणि पुन्हा वाचून पाहायची. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफ३ ही फुकट साधनं हेच करतात. ठरलेल्या नमुन्याच्या फाइलींनी जागा भरतात आणि मग एकेक बाइट जुळतो का ते तपासतात. याला वेळ लागतो. माझा डबा सेकंदाला २० एमबीच्या आसपास लिहायचा. त्या वेगानं २ टीबी लिहायलाच जवळजवळ २८ तास लागतात, आणि वाचण्याचे वेगळे. इतकं थांबायला कुणी तयार नसतं, त्यावरच या लोकांचा धंदा चालतो. अगदीच जमत नसेल तर निदान ५०० जीबी तरी लिहा, सात तासांचं काम आहे. माझ्या डब्यासारखा ढोबळ प्रकार तेवढ्यात पकडला जातो.

डबा अस्सल निघाला तरी तीच एक प्रत ठेवू नका. तो त्याच खोलीत, त्याच विजेवर असतो. मी ती चूकही केली होती. बाबांच्या तीन फाइली वाचल्या त्या फक्त मोठ्या ताईला कधीतरी फोनवर पाठवल्या होत्या म्हणून, आणि तिनं त्या पुसल्या नाहीत म्हणून.

ज्यांच्याकडे असा डबा नुकताच आला आहे आणि परत करायची मुदत अजून हातात आहे, त्यांनी आज रात्रीच चाचणी लावा. वाय-फायनं नको, केबलनं जोडा. लिहून झालं की डबा आणि संगणक दोन्ही बंद करून पुन्हा चालू करा आणि मगच वाचायला लावा, नाहीतर नुकतं लिहिलेलं संगणक स्वतःच्याच रॅममधून दाखवतो. आणि एक फाइल मुद्दाम शेवटच्या फोल्डरातली उघडा, पहिल्यातली नाही.