इंडिकेटर खरोखर शिकवणारा फोंड्याचा ड्रायव्हिंग क्लास

चार स्टार. क्लच-गिअर सगळेच शिकवतात. इथले सर इंडिकेटरही तेवढ्याच कळकळीने शिकवतात, म्हणून मुद्दाम लिहितेय. चौकात सरळ जायचं म्हणून पार्किंग लाइट, म्हणजे चारही इंडिकेटर, लावायचे नाहीत, हे त्यांनी फर्मागुडीला गाडी बाजूला घेऊन समजावलं. डावीकडच्या स्कूटरवाल्याला त्यातला एकच दिवा दिसतो आणि गाडी डावीकडे वळतेय असं त्याला वाटतं. किती साधी गोष्ट, आणि किती जीवघेणी! अनमोड घाटात पावसात कितीतरी गाड्या हे दिवे लावूनच पळतात. पुढची गाडी वळतेय की थांबलीय, मागच्याने ओळखायचं कसं? पावसात हेडलाइट लो बीमवर ठेवा, पार्किंग लाइट गाडी बंद पडली तरच, असं सर सांगतात. ट्रकवाले ‘पुढे जा’ म्हणून उजवा इंडिकेटर देतात, त्याच्यावरही विसंबायचं नाही. ट्रक खरंच उजवीकडे वळणार असेल तर?

एक स्टार कापला तो गाडीच्या बंद एसीसाठी. मे महिन्यात फार हाल होतात. फी इतरांइतकीच. पाऊस ओसरला की आईलाही इथेच पाठवणार आहे.